फोमशेठचं मऊ जू

"जगात अशी एकही टणक वस्तू नाही, जी मी मऊ करू शकत नाही!" असं फोमशेठ ज्याला त्याला छातीठोकपणे सांगत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. गिऱ्हाईक कव्हर बघायला म्हणून टेकायचं आणि घोरायला लागायचं! घरातल्या टेबलाच्या कोपऱ्यांना त्यांनी फोम लावला होता, दाराच्या मुठींना लावला होता, एवढंच काय, शिडीच्या पायऱ्यांनाही लावला होता. त्या मऊ पायऱ्यांवरून पाय घसरून ते एकदा आपटले, पण त्याचं खापर त्यांनी चपलेवर फोडलं.

घरात माणसं दोनच. फोमशेठ आणि त्यांची लेक. आणि या लेकीला, बापाचं दुर्दैव बघा, आवड कशाची? तर शर्यतीत गाडी पळवायची! तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फोमशेठ हसले. मग उठून टेप घेतला आणि तिच्या गाडीच्या सीटचं माप घ्यायला लागले. लेकीनं तोच होकार समजला. पण त्या दिवसापासून ते मनातून धास्तावले होते, आणि ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

पहिली मोठी शर्यत आठवड्यावर आली तेव्हा लेक घरी एक वस्तू घेऊन आली. काळी, कडक. मानेमागून दोन्ही खांद्यांवर बसणारी आणि पुढे छातीवर उतरणारी. मागच्या बाजूला दोन आखूड पट्टे, ते हेल्मेटला अडकवायचे. शर्यतवाले त्याला कसल्याशा भल्यामोठ्या इंग्रजी नावानं ओळखतात. फोमशेठनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "अगं, हे तर बैलाचं जू!"

"जू काय म्हणता, बाबा! मान वाचते याच्यानं."

"घालून दाखव बघू."

लेकीनं घातलं. हेल्मेट अडकवून डोकं इकडेतिकडे करून पाहिलं. "खांद्याला जरा लागतंय. आणि मान फार वळत नाही," असं सहज म्हणाली आणि जेवायला बसली.

बस्स! एवढं ऐकल्यावर फोमशेठना घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी लेक गाडीचं काम बघायला गेली आणि फोमशेठनी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. जुवाला आतून-बाहेरून दुहेरी फोम, वरून मखमल, कडेला लाल पायपिनची किनार. आखूड पट्टे पाहून त्यांनी नाक मुरडलं. कापडात कंजुषी करणारा कारखाना दिसतोय! ते पट्टे काढून त्यांनी वीतभर लांब नवे पट्टे घातले आणि तिहेरी शिलाई मारली. हत्ती लोंबकळला तरी टाका उसवायचा नाही! सगळं पिशवीत भरून वर गाठ मारली. शर्यतीच्या दिवशीच बघू दे, चाट पडेल पोरगी!

आता खरं सांगायचं तर ही हौस नव्हती. घाबरलेला माणूस हाताला येईल ते करत सुटतो. फोमशेठच्या हाताला फोम आला, इतकंच.

लेक चाट पडली, पण तपासणीच्या टेबलासमोर! शर्यतीआधी प्रत्येकाचं सामान तपासलं जातं. तिथल्या तपासनिसाच्या चेहऱ्यावर हसू कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं पिशवीची गाठ सोडली, आत पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं.

"उशी चुकून आली आहे का?"

"उशी नाही हो!" फोमशेठ पुढे सरसावले. "जू आहे. दाबून बघा!"

तपासनिसानं अंगठा दाबला. अंगठा पेरभर आत गेला. मग त्यानं लांब पट्टे हातात धरून ताणले, आणि त्याचा चेहरा होता त्याहून गंभीर झाला.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"मीच! आता कशी चारी दिशांना मान वळते बघा."

"तेच तर होऊ द्यायचं नसतं," तपासनीस शांतपणे म्हणाला. "गाडी भिंतीवर आदळली की गाडी थांबते. अंगाला पट्टे आवळलेले असतात, म्हणून अंगही थांबतं. डोकं मोकळं असतं, ते पुढे जातच राहतं. ते धरून ठेवायला हे आखूड पट्टे. आणि सीटचे पट्टे या कडक भागावर घट्ट बसावे लागतात. फोमवर ते घसरतात. हे मी पास करणार नाही."

फोमशेठनी घाईघाईनं खिशातून जुने पट्टे काढले. "हे बघा, जपून ठेवलेत! आत्ता लावून देतो."

"कुणीही घरी लावलेले पट्टे मला चालत नाहीत."

लेकीनं जू आपल्याकडे ओढून उलटंसुलटं पाहिलं.

"तुम्ही मुद्दाम केलंत, बाबा."

"मी?"

"तोंडानं नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून असं केलंत. मी उतरूच नये म्हणून!"

फोमशेठच्या काळजाला ते लागलं. मुद्दाम? आपण? ज्या हातांनी पाळण्याची गादी शिवली त्या हातांनी? दुःख झालं की माणसानं रडावं. फोमशेठना राग आला. त्यांनी टेबलावरून जू उचललं, लेकीचं हेल्मेट उचललं आणि तरातरा बाहेर गेले.

बाहेर उतारावर लेकीची गाडी उभी होती. "यात काही वाईट नाही, मी स्वतः दाखवतो!" असं ओरडत ते आत शिरले. लेकीचं डोकं बापावर गेलेलं, त्यामुळे हेल्मेट बसलं. जू चढवलं, लांब पट्टे अडकवले, सीटचे पट्टे खटाखट लावले. "बघा! गादीवर बसल्यासारखं वाटतंय!"

"बाबा, उतरा आधी!"

"काका, उतरा!"

उतरायला हरकत नव्हती, पण पट्ट्यांचं बकल कुठे? फोमशेठनी खाली बघायचा प्रयत्न केला. हनुवटीखाली त्यांचाच दुहेरी फोम फुगून बसला होता. खालचं काही म्हणता काही दिसेना! ते चाचपडत राहिले. हाताला एक दांडा लागला. दांड्याच्या टोकाला बटण. सापडलं बकल! त्यांनी बटण दाबलं आणि दांडा खाली केला.

तो हँडब्रेक होता.

गाडी निघाली. वेग म्हणाल तर बाजारातून भाजी घेऊन येणाऱ्या माणसाचा! लेक आणि तपासनीस शेजारून धावत होते आणि दोघांच्याही पुढे जाण्याची गाडीला अजिबात घाई नव्हती. उताराच्या शेवटी टायरांची रास होती, आणि राशीवर बसून एक बुटकी, पिकल्या केसांची बाई चहा पीत होती. शर्यतीतले सगळे तिला मावशी म्हणत. तिनं येणारी गाडी पाहिली, कप उचलून धरला आणि बाजूला उतरून उभी राहिली.

धप्प!

नुसतं धप्प. पण फोमशेठचं डोकं जे पुढे फेकलं गेलं ते हनुवटी छातीवर आपटेपर्यंत थांबलंच नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले. डाव्या खांद्यावरचा सीटचा पट्टा मखमलीवरून सर्रकन घसरून दंडावर आला. हेल्मेट स्टिअरिंगला टेकायचंच काय ते राहिलं.

गाडीच्या नाकावर एक चरा पडला होता, तेवढाच. फोमशेठ मात्र घसरलेल्या पट्ट्याकडे बघत राहिले. भाजी घेऊन येणाऱ्या माणसाच्या वेगात हे झालं. लेक कोणत्या वेगानं जाणार होती ते त्यांना ठाऊक होतं, आणि हे जू आपण तिच्या खांद्यावर ठेवणार होतो, हेही.

"कात्री," ते बारीक आवाजात म्हणाले. "माझ्या खिशात आहे."

लेकीनं कात्री काढली आणि मखमल, फोम, लाल पायपिन कापत बकलापर्यंत पोचली. एवढं सुबक काम तुकडे होऊन पायाशी पडलं, आणि फोमशेठना त्याचं काही वाटलं नाही.

"मी तुला अडवायला नाही केलं गं," ते म्हणाले. "मला भीती वाटते. फार वाटते."

लेक गाडीच्या खिडकीत वाकून तशीच उभी राहिली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "मलाही वाटते, बाबा. म्हणून तर ते घालायचं असतं."

"झालं असेल तर मी बोलू का?" मावशीनं चहाचा शेवटचा घोट घेतला. "माझी शर्यत सकाळीच झाली. माझं घे, पोरी. माप एकच असेल."

मावशीचं जू ओरखड्यांनी भरलेलं होतं, पण तपासनिसानं उलटसुलट करून, ओढून, ताणून पाहिलं आणि शिक्का मारला. गाडीही पुन्हा तपासली. फोमशेठनी जुवावरून बोट फिरवलं. दगड! त्यांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी ते दोन्ही खिशांत घातले आणि बाहेर काढले नाहीत.

"टोचतं हो ते," ते मावशीला म्हणाले.

"टोचतं. आणि मला घरी आणून सोडतं," मावशी म्हणाली.

शर्यत सुरू झाली. फोमशेठ जाळीला धरून उभे होते. लेक मधल्या घोळक्यात होती, मग पुढे सरकली, आणि मावशी "शाब्बास!" म्हणेपर्यंत पुढची एक गाडी गरकन फिरली. लेकीनं ती चुकवली. भिंत मात्र चुकली नाही.

तो आवाज धप्प असा नव्हता. तो फोमशेठच्या पायांतून वर आला. धूळ उडाली, धोक्याचे पिवळे झेंडे हलले, मदतीची गाडी धावली. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो सीट शिवल्या होत्या, आणि आत्ता त्यातली एकही कामाची नव्हती. जे काही होतं ते त्या टणक, ओरखडलेल्या जुवावर होतं.

धुळीतून एक हात वर झाला. मग हेल्मेट. मग लेक आपल्या पायांनी बाहेर आली.

फोमशेठ जाळीला टेकून लहान मुलासारखे रडले. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, फक्त रुमाल पुढे केला.

दवाखान्याच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी लेकीला नीट तपासलं. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ, एका गुडघ्याला खरचटलेलं. "मान एकदम ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. "तुम्ही असे तिरके का उभे आहात?"

"मी? सहज," फोमशेठ म्हणाले.

"इकडे बघा."

फोमशेठनी इकडे बघितलं, पण त्यासाठी त्यांना पायांसकट अख्खं फिरावं लागलं! डॉक्टरीणबाईंनी त्यांना लेकीच्या शेजारच्या खाटेवर बसवलं. मानेचे स्नायू दुखावले होते. भिंतीवर आदळलेली लेक ठणठणीत, आणि टायरांना टेकलेल्या बापाच्या गळ्यात कॉलर! आणि कॉलर कशाची? फोमची!

घरी जाताना घरची गाडी लेकच चालवत होती. फोमशेठ समोर बघत होते, कारण दुसरीकडे बघता येत नव्हतं. बराच वेळ गेल्यावर त्यांचं बोट हळूच कॉलरकडे गेलं.

"फोम अगदीच हलका वापरलाय गं यांनी. कडाही बोचतात. घरी गेल्यावर थोडी मखमल लावून—"

"बाबा! हात लावायचा नाही!"

फोमशेठना स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यांनी खाली मान घालायचा मनापासून प्रयत्न केला. कॉलरनं तेवढंही करू दिलं नाही.