लगोरी समितीचे चित्र

एका जंगलात लगोरी खेळायला कोणाचीच मनाई नव्हती. तरीही मुलांनो, त्या जंगलात लगोरी कोणी खेळत नसे. कारण तिचे नियम फार होते.

लगोरी तुम्हाला ठाऊकच आहे. सात चपटे दगड एकावर एक रचायचे, चेंडू मारून पाडायचे आणि कोणी चेंडूने आपल्याला बाद करायच्या आत पुन्हा रचायचे. झाला खेळ. एवढ्याशा खेळाला समिती कशाला लागते, असे तुम्ही विचाराल. विचारू नका. मोठे झालात की तुम्हीही एखाद्या समितीवर जाल.

समितीचा अध्यक्ष होता गवा, चिटणीस होता बगळा आणि सभासद होती घोरपड. घोरपड एकदा बसली की उठत नसे, म्हणून तिची निवड बिनविरोध झाली होती. नियम वडाच्या खोडावर कोरलेले होते. चेंडू मारण्याआधी मारणाऱ्याने तसा इरादा जाहीर करावा. दगड पडले हे दोन्ही बाजूंना मान्य होईपर्यंत ते पडले असे समजू नये. खोड संपले तेव्हा नियम फांद्यांवर गेले. वरचे नियम वाचायला माकडाला बोलवावे लागे, आणि माकड मनाला येईल ते वाचून दाखवी.

यात सगळ्यात जास्त पोळली ती तुरतुरी नावाची खार. दगड रचण्यात तिचा हात धरणारे जंगलात कोणी नव्हते. पण एकदा चेंडू तिच्या शेपटीच्या केसांना चाटून गेला. केसांना लागला म्हणजे शेपटीला लागला का? समिती बसली. निर्णय होईना, तेव्हा नियम झाला की हा प्रश्न सुटेपर्यंत झुपकेदार शेपटीवाल्यांनी खेळू नये. प्रश्न काही सुटला नाही. तुरतुरी मैदानाच्या कडेच्या पळसावर बसून रिकाम्या मैदानाकडे बघत राही. तिचे हात नुसते शिवशिवत. फार वाईट वाटे तिला.

हळूहळू मैदानात चिटपाखरू फिरकेना. समिती काळजीत पडली.

"नियम वाचूनच पोरं पळतात," गवा म्हणाला.

"मग थोडे कमी करायचे का?" घोरपडीने विचारले.

यावर गवा आणि बगळा खूप हसले. घोरपडही हसली. आपण विनोद केला हे तिला तेव्हाच कळले.

"नियमांच्या वर एक झकास चित्र लावू," बगळा म्हणाला. "चित्र बघून सगळे येतील. आले की नियम सांगू."

दवंडी पिटली गेली. ज्याचे चित्र निवडले जाईल, त्याला शेपटीसकट खेळायला मिळेल!

तुरतुरीच्या अंगात वारे शिरले. मोराने स्वतःचे चित्र काढले होते आणि कोपऱ्यात एक दगड. उंदराने सगळे नियम चित्रात बसवले होते, त्यामुळे त्याचे चित्र वाळवी लागल्यासारखे दिसत होते. तुरतुरीने कांडोळाच्या झाडाची पांढरी साल घेतली, शेपूट गेरूत बुडवली आणि लगोरीच काढली. विखुरलेले दगड, येणारा चेंडू, दगडांवर वाकलेली एक खार आणि भोवती ओरडणारी पोरे. बघणाऱ्याला वाटावे, आपणही पळत सुटावे.

"छान आहे," गवा म्हणाला. "पण यात मी कुठे आहे?"

"तुम्ही खेळता कुठे, अध्यक्षसाहेब?"

"म्हणून चित्रातही नसावं?"

तुरतुरीने पोरे पुसून गवा काढला. एक पाय हवेत, चेंडू मारायच्या पवित्र्यात. "हसताना दाखव," गवा म्हणाला. तिने गव्याच्या तोंडात दात काढले.

"मी कायम एका पायावर उभा असतो," बगळा म्हणाला. "लोकांना वाटतं, हा काही करत नाही. माझे दोन्ही पाय हवेत दाखव."

घोरपडीला दगडांच्या अगदी वर बसायचे होते. आता जागा उरली नाही. तुरतुरीने मोठा सुस्कारा सोडला आणि स्वतःला पुसले. चित्र निवडले जाणे महत्त्वाचे. चित्रात नसलो तरी मैदानात तर असू!

चित्र एकमताने निवडले गेले. वडावर चढले. पण बघायला आलेली पोरे फिदीफिदी हसू लागली.

"अध्यक्ष आणि चेंडू? कधी बघितलं का कोणी?" एक ससा म्हणाला.

गव्याचे नाक फुरफुरले. समितीने जागच्या जागी ठराव केला. चित्र हाच नियम पहिला. चित्रात जो जसा आहे, तसाच तो मैदानात राहील. जो चित्रात नाही, त्याचा लगोरीशी संबंध नाही.

"आणि माझी जागा?" तुरतुरीने विचारले.

बगळ्याने मान लांब करून चित्र नीट पाहिले. "यात तू दिसत नाहीस."

तुरतुरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. मग तिने डोळे पुसले आणि हळूच विचारले, "बगळेभाऊ, म्हणजे आमचा काहीच संबंध नाही?"

"काडीचा नाही."

"नियमांशीसुद्धा?"

"अगं, संबंधच नाही तर नियम कसले?"

"जरा मोठ्यानं सांगता का? मागच्यांना ऐकू गेलं नाही."

बगळ्याने मोठ्याने सांगितले. मग समिती नियम पहिला पाळायला मैदानात गेली. गवा एक पाय उचलून दात काढून उभा राहिला. घोरपड दगडांवर चढून बसली. दोन्ही पाय हवेत राहावेत म्हणून बगळ्याने चोचीत फांदी धरली आणि लोंबकळू लागला.

तुरतुरी ओढ्यापलीकडे गेली. सशाने चेंडू आणला, पोरांनी चपटे दगड. पहिल्याच डावात तुरतुरीने शेपूट उडवत दगड असे रचले की ओरडण्याने रान दणाणले.

"थांबवा त्यांना!" गवा हसऱ्या तोंडाने ओरडला.

"त्यासाठी नियम बदलावा लागेल," घोरपड म्हणाली. "नियम बदलायला समिती बसावी लागते. तुम्ही तर चित्रात उभे आहात."

बगळा काहीच बोलला नाही. त्याने तोंड उघडले असते तर नियम मोडला असता.

तात्पर्य : खेळ वाचवायचा असेल तर वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये. त्यांना मानाने चित्रात घ्यावे, चित्र उंच टांगावे, आणि आपण चेंडू घेऊन निघून जावे.