चाइल्ड उघडं आहे!

सात आठवडे! लॉगिंगचं एक टूल निवडायला आमच्या ऑफिसातल्या तीन शहाण्या माणसांनी सात आठवडे घेतले! माझी बाळंतपणाची रजा संपली, मी परत कामावर आले, तेव्हा ही समिती 'निवडीचे निकष कसे निवडावेत' या मुद्द्यापर्यंत येऊन पोचली होती. तेवढ्या काळात माझ्या बाळाला दोन दात आले आणि ते आधाराशिवाय बसायला लागलं. समितीला काहीच आलं नाही, आणि ती पहिल्यापासून बसलेलीच होती.

"द्या इकडे," मी म्हटलं. "शुक्रवारपर्यंत निवडून दाखवते!"

आम्ही इमारतींच्या लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर लिहितो. तेही रस्ट नावाच्या भाषेत. ही भाषा अशी कडक, की एका वस्तूला एकाच वेळी दोघांनी हात लावलेला तिला खपत नाही. (सासूबाईंनी विचारलं, "रस्ट म्हणजे?" मी म्हटलं, "गंज." तेव्हापासून त्या माझ्या नोकरीबद्दल नातेवाइकांशी फार बोलत नाहीत.) तर गेल्या महिन्यात आमची एक लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अकरा मिनिटं उभी राहिली. आत चार माणसं. काय झालं हे बघायला प्रोग्रामने लिहून ठेवलेला लॉग उघडला, तर त्यात तीनच ओळी:

इथे आलं.
इथे पण आलं.
आता बघू.

बस! पुढे काही नाही. ही अमर वाक्यं समितीतल्याच एका विद्वानाची. आम्ही त्यांना तक्तेबहाद्दर म्हणतो. कुठल्याही प्रश्नावर ते तक्ता काढतात. लॉगिंगच्या टूल्सचा त्यांचा तक्ता एक्केचाळीस रकान्यांचा होता आणि त्यात एक रकाना 'लोगोचा रंग' असा होता.

"लॉग म्हणजे लॉग," ते मला म्हणाले. "एक ओळ छापायची, झालं. ट्रेसिंग वगैरे चोचले आहेत."

"मग सात आठवडे काय केलंत?"

"तुम्ही रजेवर होतात, तुम्हाला पार्श्वभूमी माहीत नाही."

साहेब मात्र प्रेमाने वागले, आणि तेच जास्त झोंबलं. "शुक्रवारी त्या इमारतीच्या मॅनेजर बाई येतायत," ते म्हणाले. "तोवर जमलं तर ठीकच. नाहीतर आपण तुम्हाला जरा हलकं काम देऊ. वापरणाऱ्यांसाठीची पुस्तिका वगैरे. घरी लहान बाळ आहे ना."

हलकं काम! आठ किलोचं पोर एका कडेवर, दुसऱ्या हातात बाटली, खांद्याने धरलेला फोन, आणि फोनवर हेच साहेब! त्या अवस्थेत मी गेल्याच आठवड्यात यांचा एक बग सोडवला होता. लिफ्टचं काम माझ्याकडून गेलं, तर ते परत माझ्या हातात कोण देणार? पुस्तिका एकदा लिहायला घेतली, की माणूस पुस्तिकेतच राहतो.

सकाळी ऑफिस आणि दुपारी घरून काम, अशी माझी वाटणी. म्हणजे टूल तपासायचं ते बाळाच्या दुपारच्या झोपेत. मी म्हटलं, तपासायचंच आहे तर बाळावरच तपासू! एक छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर बटणं: 'दूध', 'झोप', 'शी', 'रडलं', आणि खोलीत काय घडलं त्याची, 'आजी आली', 'बाबा शिंकला', 'साहेबांचा फोन'. प्रत्येक नोंदीला पातळी. भयंकर असेल तर एरर, धोका दिसत असेल तर वॉर्निंग, नुसती बातमी असेल तर इन्फो, त्याखाली डीबग, आणि सगळ्यात तळाला ट्रेस. ही शेवटची पातळी इतकी बारीक, की ती एरवी बंदच ठेवतात.

आधी तक्तेबहाद्दरांच्या लाडक्या साध्या पद्धतीने चालवून पाहिलं. दुपारभरात हाती काय आलं? रडलं. रडलं. शी. रडलं. अहो, हे मला लॉगशिवायही ऐकू येत होतं!

मग ट्रेसिंग लावलं. त्यात प्रत्येक कामाला सुरुवात आणि शेवट असतो, आणि एका कामाच्या पोटात दुसरं काम. बाहेरच्याला म्हणायचं पेरेंट, पोटातल्याला चाइल्ड. 'झोप' सुरू झाली, तिच्या पोटात 'साहेबांचा फोन', त्याच्या पोटात 'रडलं'. काय झालं एवढंच नाही, कशामुळे झालं तेही दिसतं! मी खूश. पण एक गोष्ट जमेना. झोप संपली तरी रडण्याची नोंद बंदच होत नव्हती. मी फोनवर टीममधल्या मैत्रिणीला वैतागून सांगत होते, "अगं, पेरेंट कधीच बंद पडला, आणि चाइल्ड इथे अजून उघडंच आहे! दहा मिनिटं झाली, उघडंच!"

धाडकन दार उघडलं. सासूबाई! हातात दोन दुलया आणि लोकरीचं टोपडं.

"उघडं? दहा मिनिटं? आणि तू बसून फोनवर सांगतेयस?"

"आई, ते बाळ नाही..."

"मग कोणाचं बाळ उघडं आहे?"

मी समजावेपर्यंत बाळाचा पार्सलसारखा गठ्ठा झाला होता. ते उठलं. रडलं. मी बटण दाबलं: वॉर्निंग, आजी आली. सासूबाईंनी ते चष्म्यातून वाचलं.

"मी वॉर्निंग?"

"आई, ती नुसती पातळी असते."

"पातळी कळते हो मला."

नवरा दारातून डोकावला. "मी काय आहे?"

"तू डीबग."

"म्हणजे चांगलं ना?"

"फारसं कोणी वाचत नाही."

शुक्रवारी दुपारचा कार्यक्रम असल्यामुळे बाळ सासूबाईंपाशी ठेवलं. "लॅपटॉप उघडा ठेवलाय," मी सांगितलं. "काही झालं तर बटण दाबा. संध्याकाळी बघेन." सासूबाईंनी मान हलवली. त्या काम घेतात ते मनापासून.

ऑफिसात मोठा पडदा. समोर मॅनेजर बाई, शेजारी साहेब, मागे समिती हाताची घडी घालून. तळमजल्यावरून आमची चाचणीची लिफ्ट सुरू केली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या.

इन्फो: लिफ्ट निघाली.
इन्फो: दुसरा मजला.
इन्फो: शी.

मॅनेजर बाई पुढे वाकल्या.

"लिफ्टने?" मॅनेजर बाईंनी विचारलं.

अरे देवा! घरचा प्रोग्राम नोंदी कुठे पाठवतो, तो पत्ता मी बदललाच नव्हता! दोन्ही प्रोग्राम एकाच पडद्यावर!

इन्फो: तिसरा मजला.
वॉर्निंग: आजी आली.
वॉर्निंग: आजी आली.
एरर: रडलं.

"आजी लिफ्टमध्ये अडकल्या का?" साहेब उभेच राहिले.

मागून तक्तेबहाद्दरांचा तृप्त आवाज आला. "म्हणून म्हणत होतो. साधं बरं."

त्या एका वाक्याने मी भानावर आले. "साधं असतं ना," मी म्हटलं, "तर आत्ता आपण लिफ्टचं लंगोट शोधत बसलो असतो! हे बघा." एक क्लिक. डावीकडे लिफ्ट, उजवीकडे बाळ. कोण कोणाच्या पोटातलं, ते ट्रेसिंगला पक्कं ठाऊक असतं. त्याची सरमिसळ होत नाही.

आणि डावीकडे, एकट्या पडलेल्या लिफ्टच्या नोंदींत, तीच जुनी गोची सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा झाली. लिफ्ट मध्येच थांबली. 'चौथ्या मजल्यावर जा' हे काम सुरू, त्याच्या पोटात 'दाराच्या सेन्सरला विचार', आणि तो काही केल्या उत्तर देईना. लिफ्ट बिचारी त्याच्या तोंडाकडे बघत उभी!

"चाइल्ड उघडं आहे!" मी ओरडले. आणि या वेळी दुलई घेऊन कोणी धावलं नाही.

"अकरा मिनिटं याची वाट बघत होती?" मॅनेजर बाई पडद्याजवळ गेल्या. मग त्यांची नजर उजवीकडे वळली. "आणि हे बाळ का उठतं हो सारखं?"

नको म्हणायच्या आत त्यांनीच क्लिक केलं. आठवड्याचा हिशेब समोर आला. झोपमोड एकूण अकरा. आजी दोन, बाबा दोन, साहेबांचा फोन सात.

तक्तेबहाद्दर प्रथमच एखाद्या तक्त्यापासून दूर सरकले.

"दुपारी एक ते तीन फोन बंद," साहेब हळूच म्हणाले. "आणि पुस्तिका... पुस्तिका समितीकडे देऊ."

तेवढ्यात उजवीकडे एक ओळ उमटली. 'इन्फो: झोप सुरू.' मॅनेजर बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. मीही. मला एकदम घरी जावंसं वाटलं.

तर लिफ्टचं काम माझ्याकडेच राहिलं. समिती पुस्तिकेच्या मुखपृष्ठाच्या रंगाचा तक्ता करते आहे. साहेबांचा फोन गेले दहा दिवस दुपारी आलेला नाही. आणि बाळ? बाळ रोज सव्वादोनला टुणकन उठतं!

गेल्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या तुझ्या यादीत आजी आहे, बाबा आहे, परका साहेबसुद्धा आहे. तू कुठे आहेस?"

"मी कशाला? मी तर झोपवते!"

"बटण कर," त्या म्हणाल्या. "दाबायचं मी बघते."

केलं. चार दिवस त्यांनी इमानेइतबारे दाबलं. झोपमोड चार. चारही वेळा त्याआधी एकच नोंद: आई आली, झोपलंय का ते बघायला. आली, वाकली, गालाला बोट लावलं.

त्या सात फोनांच्या वेळीही मी तिथेच वाकलेली होते, हे आता आठवतंय. साहेबांना अजून कळवलेलं नाही. नोंद केली आहे हो, प्रामाणिकपणे! फक्त ती ट्रेस पातळीवर ठेवली आहे. आणि ती पातळी एरवी बंदच असते.