वड्यांसकट डाउनलोड झालेला धवला

माझ्या बहिणीच्या, अमिषाच्या लग्नात मला एकच काम दिलं होतं. शहाबाज गावी जाऊन मनुबाई आत्याला नारळ-सुपारी द्यायची. (बाकीची कामं बायकोने भरवशाच्या माणसांना वाटली होती.)

मनुबाई ही माझ्या बायकोची, दिपालीची आत्या आणि आमच्या आगरी समाजातली नावाजलेली धवलारीण. आमच्याकडे लग्नाच्या प्रत्येक विधीला धवला गावा लागतो, नवरा-नवरीची नावं घालून. तो गाणारी धवलारीण म्हणजे जवळजवळ भटजीच. फक्त भटजी काय म्हणतो ते कुणाला कळत नाही आणि धवलारीण म्हणते ते सगळ्यांना कळतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत नारळ स्कूटरच्या डिकीत टाकला, बाहेरचं ऊन बघितलं आणि परत येऊन खुर्चीत बसलो. (मी पंचायत समितीत क्लार्क आहे. परत येऊन बसणं आम्हाला जमतं.) बसल्या बसल्या मोबाइलवर 'अस्सल आगरी धवला' शोधला. फुकट, बारा मिनिटांचा, एका बोटात डाउनलोड. साहेब समोरच होते म्हणून पहिलं अर्धं मिनिटच ऐकला. उत्तम होता. या वयात आत्याला कशाला त्रास, असा मोठा विचार माझ्या मनात आला. असे विचार मला आळस चढला की येतात.

मांडवाच्या दिवशी सकाळी मनुबाई आली, पण पाहुणी म्हणून. नऊवारी नेसून खांबाला टेकून बसली, तोंडात पान.

"अहो, आत्या गप्प का?" दिपालीने विचारलं.

"गळा राखत असेल," मी म्हणालो.

अमिषाला पाटावर बसवलं. बायकांनी हळदीची वाटी उचलली. दिपाली म्हणाली, "आत्या, कर सुरू."

"मी कशाला? मी पावनी हाय," मनुबाई म्हणाली. "धवलारनीला नारल येतो. मना आलाच न्हाय."

दिपालीने माझ्याकडे पाहिलं. ऑडिटवाले न सापडणारी फाइल मागताना पाहतात, तसं.

"सोय केलीय," मी म्हणालो आणि स्पीकरवाल्या विनेशला खूण केली.

धवला सुरू झाला. खणखणीत आवाज. बायकांनी माना डोलावल्या, अमिषाच्या गालाला हळद लागली. मी कॉलर सरळ केली. तेवढ्यात दुसरं कडवं आलं:

*मांडवाचे दारी गो नवरा कोन बसं,*
*हिरामन बसं गो, नलूचा वर दिसं.*

बायकांचे हात जागच्या जागी थांबले. अमिषाच्या नवऱ्याचं नाव मितेश. हिरामण हा माझा मेव्हणा, दिपालीचा सख्खा भाऊ, आणि तो समोरच चहा पीत उभा होता. शेजारी त्याची बायको नलू.

"ऑ, माजं परत लगीन?" हिरामण म्हणाला.

"कोनाशी?" नलूने विचारलं.

"गान्यात तर तुज्याशीच हाय."

"मंग मना इचारल्याबिगर लावू नका," नलू म्हणाली. "एकदा झालं तेवरं पुरे."

अमिषा रडकुंडीला आली. "दादा, माझी हळद तू वहिनीच्या भावाच्या नावाने लावलीस?"

मी विनेशला थांबव म्हणालो, पण घाईत त्याने आवाज मोठा केला. आता मनुबाई उठून उभी राहिली होती.

"यो गला माजा हाय," ती म्हणाली. "हिरामनच्या लग्नातला. कोनी भरला यो मोबाइलमंदी?"

मांडवात चौकशी सुरू झाली. मीही मोठ्याने म्हणालो, "ज्याने केलं असेल त्याला लाज वाटली पाहिजे." माझं वाक्य संपलं आणि स्पीकरमधून, मनुबाईच्या आवाजाच्या अगदी जवळून, एक पुरुषी आवाज आला:

"दिपा, वडे संपले का? मला दोनच मिळाले."

सगळ्या मांडवाने आधी स्पीकरकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला आठवलं. चार वर्षांपूर्वी हिरामणच्या लग्नात हा धवला मीच हौसेने रेकॉर्ड करून गावच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो कुठे कुठे हिंडला देव जाणे, आणि परत माझ्याच घरी आला.

मनुबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चार वरसं झाली, मना कोन बोलवत न्हाय," ती म्हणाली. "म्हनतात, तुजा धवला आमचे मोबाइलमंदी हाय. गला फिरतो सगल्या गावांना, आन मी घरी. मना वाटला, मीच म्हातारी झाले."

मला खरोखर लाज वाटली. मी डिकीतून नारळ आणला, सगळ्यांसमोर तिच्या ओटीत घातला आणि पाया पडलो. तिने नारळ कानाशी धरून हलवला.

"पानी हाय अजून," ती म्हणाली आणि पाटाजवळ बसली. अमिषाची हळद पुसून पुन्हा पहिल्यापासून लावली, मितेशच्या नावाने. मधल्या तीन कडव्यांत मात्र मी होतो. आळशी जावई, चोर जावई आणि खादाड जावई. बायकांनी तिन्ही कडवी दोनदा म्हणायला लावली.

विनेशने या वेळी तिला विचारून ते रेकॉर्ड केलं आणि तिच्या नावासकट, फोन नंबरासकट टाकलं. आता मनुबाईला थळपासून हरिहरेश्वरपर्यंत बोलावणी येतात. मला मनापासून आनंद आहे. अडचण एवढीच, की जुना धवला लोकांच्या कानात इतका बसलाय की वड्यांशिवाय त्यांना तो अपुरा वाटतो. म्हणून नारळ देताना विचारतात, "जावय येतील ना?"

दिपाली म्हणते, जायचं. मी जातो.

गेल्या रविवारी नागावला होतो. इस्त्रीचा शर्ट घालून मनुबाईच्या मागे बसलो. तिने मान वळवून खूण केली आणि मी खड्या आवाजात विचारलं, "वडे संपले का?" अख्खा मांडव पोट धरून हसला. मनुबाईला लुगडं मिळालं, नारळ मिळाला, पहिल्या पंगतीचा मान मिळाला. कलावंत मंडळीतला म्हणून मला शेवटच्या पंगतीला बसवलं.

वडे संपले होते.