खरपूस कार्ड

तुम्हाला सांगतो, जगात अशी वस्तू नाही जी योग्य आचेवर सुधारत नाही. पीठ घ्या, माती घ्या, लोखंड घ्या. उभं आयुष्य भट्टीपुढं गेलंय माझं. खाली बेकरी, वर घर. शाळेत मी फार टिकलो नाही, पण नुसतं बघून सांगतो पाव आतून कच्चा आहे का. माणूसही सांगतो. मग एका कॉम्प्युटरची काय मिजास?

कॉम्प्युटर आमच्या लेकीचा. लोकांच्या खोल्या बांधून झाल्यावर कशा दिसतील त्याची चित्रं ती काढते. भिंतीचा रंग, कपाटं, दिवे, सगळं हुबेहूब. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तिनं, आणि पहिलंच गिऱ्हाईक त्या दिवशी चार वाजता घरी येणार होतं. दातांची डॉक्टरीणबाई, नव्या दवाखान्याची चित्रं बघायला. पसंत पडली तर ठीक, नाहीतर लेक पुन्हा साहेबाच्या दारात.

आणि सकाळी बघतो तर पडद्यावर उभ्या गुलाबी रेघा. कुणी चित्रावरून कंगवा फिरवल्यासारख्या.

"ग्राफिक्स कार्ड गेलं," लेक म्हणाली.

"कुठं गेलं?" आमच्या मंडळींनी विचारलं. "काल तर होतं."

"आई, गेलं म्हणजे बिघडलं."

टेबलाखालच्या डब्याचं झाकण काढून तिनं मला दाखवलं. विटेएवढी हिरवी पाटी, वर दोन प्लॅस्टिकचे पंखे. पडद्यावरची सगळी चित्रं म्हणे हीच रंगवते.

"मैत्रिणीकडून दुसरं आणते," ती म्हणाली. "तोवर बाबा, हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतोय हात?" म्हटलं. आणि मनापासून म्हटलं बरं का.

ती गेल्यावर नुसतं विचारावं म्हणून मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. गडी जेवायला बसला होता.

"जुनं कार्ड आहे का काका?"

"जुनं आहे."

"रेघा येतात?"

"येतात. गुलाबी."

"मग घाला चुलीत."

मी जरा चरकलो. पण धंद्यातला माणूस सांगतोय, आपण कोण? "चूल नाही हो आमच्याकडं. भट्टी चालेल?"

तो हसला. "भट्टी असेल तर मग काय, उत्तमच."

"किती वेळ ठेवू?"

"तुमचं समाधान होईपर्यंत ठेवा काका," म्हणाला आणि घास घेतला.

इतकं स्वच्छ तर डॉक्टरही सांगत नाही.

कार्ड उपसायला गेलो तर निघेना. त्याला खाली एक खटका असतो, तो आधी सोडवायचा असतो, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी दाढ उपटावी तसं उपटलं. कट् असा आवाज झाला. म्हटलं, होतं असं. खाली आलो, चिकटू नये म्हणून ट्रेला तेलाचा हात लावला, कार्ड निगुतीनं मधोमध ठेवलं आणि भट्टीत सारलं.

आता आमच्यात घड्याळ बघत नाहीत, रंग बघतात. सोनेरी झालं की बाहेर. मी डोकावलो. हिरवं. थोड्या वेळानं परत बघितलं. हिरवंच. म्हटलं, कच्चं आहे. आणखी दोन लाकडं सारली. तिसऱ्यांदा बघतो तर हिरवं ते हिरवंच, पण पंख्यांनी माना टाकलेल्या. आणि वास असा, की टायरच्या दुकानाला ताप भरलाय.

बायको जिन्यावरून धावत आली. "अहो, काय जाळलंत?"

"जाळलं नाही, भाजतोय. अजून रंग यायचाय."

"कशाला रंग यायचाय?"

"कार्डाला. दुरुस्तीवाला म्हणाला, घाला चुलीत."

ती पिठाच्या पोत्यावर बसलीच. "अहो, चुलीत घाला म्हणजे टाकून द्या! तुमच्या बहिणीचे रुसवे घाला चुलीत, असं मी वर्षानुवर्षं म्हणतेय. घातलंत का कधी बहिणीला भट्टीत?"

मी मुकाट्यानं ट्रे बाहेर ओढला.

तेवढ्यात लेक दुसरं कार्ड घेऊन आली. तिनं ट्रेमधला गोळा बघितला, एक मोठा श्वास घेतला. "जाऊ दे. ते टाकायचंच होतं." मला हायसं वाटलं. ती वर गेली. मग वरून आवाज आला, "बाबा, खटका कुठाय?"

खटका तुटला होता. आणलेलं कार्ड वजनदार, धरून ठेवायला काही नाही, त्यामुळं ते खाली झुकायचं. झुकलं की रेघा. हातानं वर उचललं की चित्र स्वच्छ. चार वाजायला आले होते.

लेकीनं टेबलाखाली बोट दाखवलं. "बसा."

बसलो. हातात भट्टीचा हातमोजा, हातमोज्यावर कार्ड, वरून जमिनीपर्यंत चादर. डॉक्टरीणबाई आल्या.

"काही करपल्याचा वास येतोय का?"

"खाली बेकरी आहे ना," बायको म्हणाली. "आज ह्यांनी नवा प्रकार करून बघितला."

मला दिसत होते नुसते चादरीच्या आत आलेले पाय. एका बाजूला डॉक्टरीणबाईंचे पांढरे बूट, दुसऱ्या बाजूला लेकीचे अनवाणी पाय. वर चित्रं चालली होती, बाई नुसतं "हं, हं" करत होत्या. त्या "हं"मध्ये काही जीव नव्हता. कच्चा पाव ओळखतो मी. माझ्या हाताला मुंग्या आल्या. त्यात बाईंनी पाय लांब केला, बुटाची टाच माझ्या अंगठ्यावर. मी ओठ चावला, पण हात खाली आला.

म्हणजे वर रेघा. संपलं, म्हटलं. पोरीचं काम आपण भाजून खाल्लं.

"या गुलाबी रेघा..." बाई म्हणाल्या.

"त्या ना..." लेक म्हणाली.

"मगाशी का नाही दाखवल्या? भिंत किती कोरी वाटत होती. लहान पोरं बसणार तिथं, त्यांना आवडतील. जरा बिनरेघांची परत दाखवा बघू."

लेकीच्या पायाचा मला एक टोला. हात वर. दुसरा टोला, हात खाली. रेघा, बिनरेघा, रेघा.

"वा," बाई म्हणाल्या, "किती भराभर बदलता हो तुम्ही. रेघांचीच करा. काम तुमचं."

बाई जिना उतरल्यावर मी बाहेर निघालो. पाठ कमानीसारखी वाकलेली, पण छाती फुगलेली. "बघा," म्हटलं, "शेवटी रेघांनीच काम मिळवून दिलं. आणि त्या कुणामुळं आल्या?"

लेक हसत सुटली. बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमचं ते डोकं एकदा घाला भट्टीत..." आणि एकदम थांबली. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या मोज्याकडं बघितलं. "नाही हो. तशी बोलायची पद्धत असते."

"एवढं कळतं मला," म्हटलं.

तरी संध्याकाळभर ती माझ्या आणि भट्टीच्या मधेच उभी होती.