चौथ्या ठोक्यावरची टाच

चौथ्या ठोक्याला अथर्वची डावी टाच जमिनीपासून साधारण चार इंच वर जायची, आणि वर्गातल्या बाकीच्या तीस जणांचीही तेवढीच. दुसरीच्या मुलांत एवढी एकवाक्यता स्वप्नाने सायन्सच्या तासाला कधी पाहिली नव्हती.

आखाती देशातल्या खैतान भागातल्या त्या शाळेत मुलांना आफ्रिकेचा पारंपरिक नाच शिकवायचं काम तिच्याकडे आलं, कारण टाइमटेबलमध्ये तिचाच तास रिकामा होता. दोन दिवस तिने व्हिडिओ बघून शिकवलं. तिसऱ्या दिवशी नेट गेलं. तिने टेबलावर हातानेच ठेका धरला, आणि सांगलीच्या शाळेत पाच वर्षं गिरवलेला ठेका आपसूक बोटांतून उतरला. मुलांचे पाय मागोमाग गेले. हे तिला दहा दिवस कळत होतं. दहा दिवस ती गप्प होती, कारण तिला नोकरीत कायम करण्याचा कागद प्रिन्सिपॉल झरीन मॅडमच्या टेबलावर सहीवाचून पडला होता.

मॅडम मूळच्या पुण्याच्या. "काय सुंदर गं!" त्या पहिल्याच तालमीला म्हणाल्या. "परका नाच, पण किती आपलासा वाटतो!" आणि त्यांनी लगेच टांझानियातल्या एका संगीतशिक्षिकेला पाहुणी म्हणून बोलावलं. परवा होणाऱ्या शाळेच्या कार्यक्रमाला.

आज तालमीला अथर्वचे बाबा, अजय, बँकेतून थेट आले.

"मिस, पोरांच्या हातात काही द्यायचं राहिलंय का?"

"म्हणजे?"

"आमच्या साताऱ्यात हे करताना हातात लेझीम असायची."

"हळू बोला हो!"

दारात शाळेच्या बसमध्ये मुलांना सांभाळणारी नूरी उभी होती. तीही टांझानियाचीच.

"टीचर, ये किधर का डान्स है?"

"तुम्हारे उधर का," स्वप्ना पुटपुटली.

नूरी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग तिने मांडीवर थापा मारल्या, खांदे हलवले, गुडघे मोडले. अथर्वची टाच हवेतच थांबली.

"मिस, दॅट वन! वी वॉन्ट दॅट वन!"

एकतीस मुलं नूरीभोवती गोळा झाली.

"नूरी, बस बघ आधी!" झरीन मॅडम आत येत कडाडल्या. "स्वप्ना, पुन्हा पहिल्यापासून घे. आणि हे बघ, तुझा कागद घेऊनच आलेय. आण पेन, सही करून टाकते."

स्वप्नाने पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. अजय छताकडे बघू लागले.

"मॅडम, सही करण्याआधी ऐका. ही आपली लेझीम आहे. आफ्रिकेचा नाच नूरी बसवेल, आणि मी मुलांच्या मागे उभी राहून शिकेन."