भिंतीवरची गुलाबी सून

एका जंगलात, बाळांनो, अस्वलांचं एक सुखवस्तू घर होतं. सुखवस्तू म्हणजे काय? तर ज्या गुहेत मधाच्या पोळ्याआधी प्रिंटर येतो, ते घर.

घरात माणसं तीन. म्हणजे अस्वलंच, पण स्वतःला माणसं म्हणवणारी. सासूबाई झुंबरबाई, त्यांचा लेक भालचंद्र आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून मोहना. तिघंही काळीकुळकुळीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या घरात ते कोणी बोलत नसे.

झुंबरबाईंना लग्नाचा फोटो दर्शनी भिंतीवर लावायचा होता.

"रंगीत नको रे," त्या म्हणाल्या. "काळापांढरा काढ. खानदानी दिसतो."

भालचंद्राने बटण दाबलं. फोटो आला तो हिरवट.

"अगंबाई! सुनेवर शेवाळ चढलं!"

भालचंद्राने प्रिंटरच्या पाठीत एक धपाटा घातला. त्याला दुरुस्ती म्हणतात. मग फोटो आला तो गुलाबी.

झुंबरबाईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"भाल्या, बघ तरी! सून किती उजळ आलीय. आणि मी? अरे, मी माझ्या स्वतःच्या लग्नातही इतकी गोरी नव्हते."

मोहना कमी बोलायची. पण आपल्या जागी भिंतीवर जन्मभर भलतीच कोणी टांगलेली राहणार, हे काही तिला पटेना.

"अहो," ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "काळापांढरा म्हटलं तरी हे यंत्र सगळ्या रंगांच्या शाया मिसळून काळा बनवतं. एखादी जास्त झाली की तिची झाक येते. तिथे 'फक्त काळी शाई' निवडा. कागद चकचकीत की साधा, तेही त्याला खरं सांगा. आणि फोटो काजव्यांच्या दिव्याखाली नका बघू, बाहेर उजेडात न्या."

भालचंद्राने तसं केलं. या वेळी काळं ते काळं आलं आणि पांढरं ते पांढरं. मोहनाच्या छातीवरची चंद्रकोर तर अशी उठून दिसत होती, की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

गुहेबाहेर उजेडात झुंबरबाईंनी तो फोटो पाहिला. चेहरा पडला.

"ही तर काळी दिसतेय."

"आई, मी अस्वल आहे."

"ते आहेसच गं. पण फोटोत कशाला?"

खरा फोटो मधाच्या बुधल्यावर झाकण म्हणून गेला. गुलाबी भिंतीवर चढला. त्याची एक प्रत कावळ्याबरोबर डोंगरापलीकडे, भालचंद्राच्या आत्याबाईंकडे रवाना झाली.

थोड्याच दिवसांत आत्याबाई सहकुटुंब दारात.

"वहिनी, कुठाय तुमची गुलाबी सून? अख्खा डोंगर विचारतोय!"

मोहना पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. आत्याबाईंनी तांब्या घेतला, घटाघटा रिकामा केला, तिच्या डोक्यावरून मागे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "कुठाय?"

झुंबरबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मोहनाकडे पाहिलं. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ती ना, वन्सं? ती... माहेरी गेलीय."

"मग ही कोण?"

"ही होय? ही शेजारची."

भालचंद्र गुहेचं छत न्याहाळू लागला.

"हरकत नाही," आत्याबाईंनी बांधून आणलेली वळकटी सोडली. "सून येईपर्यंत राहतोच आम्ही. गुलाबी अस्वल पाहिल्याशिवाय काही हलत नाही."

मोहनाने पदर सावरला. वाकून सगळ्यांना नमस्कार केला. "येते हं, काकू," असं सासूबाईंना म्हणाली आणि शेजारच्या गुहेत जाऊन, पाय पसरून, मोहाची फुलं खात बसली.

दुपार व्हायच्या आत झुंबरबाई घामाघूम होऊन तिथे आल्या.

"अगं ऊठ! वारुळं उकरायचीत, वाळवीचं कालवण करायचंय. आत्याबाईंची नातवंडं भुकेने माझे कान चावतायत!"

मोहनाने एक फूल तोंडात टाकलं.

"अगंबाई, काकू! एवढं काम? तुमची सून कधी यायची?"

तात्पर्य: काळ्यापांढऱ्या फोटोत रंगाची झाक आली, तर ती काढण्याची घाई करू नये. खुशाल भिंतीवर मिरवू द्यावी. फक्त पाहुणे आले, की स्वयंपाकाला तिलाच उभं करावं.