तात्या भांडी वाचतात

निमगाव केतकीच्या दशरथतात्यांचा पाहुणचार करणं अवघड आहे. पाण्याचा तांब्या हातात दिला की ते पाणी गटागटा संपवतात, तांब्या पालथा करतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि तांब्याचं बूड वाचू लागतात. घरच्या बाईला वाटतं, भांडं नीट घासलं गेलं नाही. ती ओशाळते. तात्या मात्र खुशीत विचारतात, "ही पार्वती कोण म्हणायची?"

त्यांची माझी ओळख आमच्या संग्रहालयामुळे झाली. संग्रहालय म्हणजे इमारत वगैरे नाही, सगळं ऑनलाइन. बारामती-इंदापूरकडच्या लोकांनी घरातल्या जुन्या वस्तूंचे फोटो पाठवायचे, सोबत दोन ओळी लिहायच्या. मी बारामतीत कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात हे फोटो साइटवर चढवते. लोक तलवारी पाठवायचे, नाणी पाठवायचे. तात्यांनी पाठवली घागर. शेजारी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या नावाचा जवळून काढलेला फोटो आणि खाली एकच वाक्य: "नाव हाय म्हंजे माणूस हाय."

त्यानंतर घागरींची रीघच लागली. हंडे, पराती, पितळी डबे. तात्यांचा ऊस मुलं बघतात, त्यामुळे तात्यांना वेळच वेळ. डाळजला एका लग्नात त्यांनी वाढप्याच्या हातातली आमटीची बादली नाव दिसतंय म्हणून तिरपी केली. नवरीच्या मामाची पांढरी पँट गेली. मामा तापले, तर तात्या शांतपणे म्हणाले, "जरा धरा की हितनं, फोटू हलतोय."

मग त्यांना बारामतीतलं एक भांड्यांचं दुकान सापडलं. लोक तिथे जुनं पितळ मोडीत देऊन स्टीलची भांडी घेतात. तात्या रोज एसटीनं यायचे आणि मोडीच्या ढिगाऱ्यात बसून एकेक भांडं पुसून वाचायचे. वितळायच्या आत प्रत्येकाचा फोटो निघाला पाहिजे, हा हट्ट. दुकानदारानं आधी हाकललं. मग कंटाळून स्टूल दिलं. पुढेपुढे तर तो स्वतःच नावं वाचून दाखवायला लागला.

त्या ढिगात एक कळशी निघाली. तिच्यावर सोनाबाई हे नाव आणि धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावाचं नाव होतं. फोटो साइटवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी वरकुट्याहून एका बाईंचा मला फोन आला. त्यांचं नाव शालनबाई. कळशी त्यांच्या आईची होती. भावानं घर आवरताना मोडीत दिली होती, त्यांना न विचारता. कळशी अजून आहे का, एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

मी तात्यांना कळवलं. त्यांनी दुकान गाठलं. कळशी मोड वितळायला नेणाऱ्या गाडीत चढायच्या बेतात होती. ती कशी सोडवली ते त्यांनी सांगितलं नाही, पण दुकानदार नंतर मला म्हणाला की म्हातारबुवा गाडीपुढे बसूनच राहिले.

रविवारी माझ्या गाडीतून आम्ही वरकुट्याला गेलो. शालनबाईंनी कळशी घेतली आणि कडेवर ठेवली, लेकरू घ्यावं तशी. आम्ही चहा संपवला तरी ती तिथेच होती. मला वाटलं, आता तात्या हजार प्रश्न विचारतील. त्यांनी एकही विचारला नाही. चहाची कपबशीसुद्धा सरळच खाली ठेवली.

परतताना ते खिडकीतून उसाकडे बघत होते. मग म्हणाले, "मॅडम, फोटू नसला तर घेत्यात का तुमच्या म्युझियममधी?"

घेतात, मी म्हटलं. तोवर आम्ही कधी घेतलं नव्हतं.

त्यांना थोरली बहीण होती. गोदाक्का. आई दिवसभर रानात, म्हणून तात्यांना तिनंच वाढवलं. लग्न ठरायच्या आधीच तापानं गेली. "नाव लग्नातल्या भांड्यावर घालत्यात," तात्या म्हणाले. "तिचं कशावरच न्हाय. फोटूबी न्हाय. लय हुडकलं."

मी गाडी बाजूला घेतली, मोबाईल काढला आणि म्हटलं, सांगा, मी लिहिते. तात्यांनी टोपी सारखी केली. कैलासवासी गोदावरी, अमुक गावची, अशी सरकारी थाटात सुरुवात केली. मग हात हलवून थांबवलं.

"ते खोड, पोरी. असं लिव्ह, ती लय मोठ्यांदा शीळ घालायची. आई मारायची, तरीबी घालायची. मी कुठंबी खेळत असू दे, शीळ आली की घरी."

कशी, असं मी विचारलं. तात्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि फुंकर मारली. कवळी हलली, नुसती हवा आली. त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि पुन्हा तोंडात घातली.